सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ (महाराष्ट्र)

सार्वजनिक कर्ज म्हणजे शासनाने आपला खर्च भागवण्यासाठी उभारलेले आणि व्याजासह परत करावयाचे कर्ज होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्ये आपल्या एकत्रित निधीच्या तारणावर देशांतर्गत कर्ज घेऊ शकतात. केंद्राचे कर्ज बाकी असल्यास केंद्राची संमती आवश्यक असते. विकसनशील अर्थव्यवस्थेत असे कर्ज वाढीस पोषक ठरते की मारक, हे त्याच्या रकमेइतकेच त्याच्या विनियोगावर अवलंबून असते.

== महाराष्ट्राची स्थिती ==
२०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात राज्यावरील कर्ज सुमारे ९.३ लाख कोटी रुपये, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच अंदाजात राजकोषीय तूट सुमारे १.३६ लाख कोटी, तर महसुली तूट सुमारे ४६ हजार कोटी रुपये होती. याचा अर्थ, तूट भरून काढण्यासाठी उभारलेल्या दर तीन रुपयांपैकी सुमारे एक रुपया वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चासाठी लागणार होता.

== वाढीस पोषक परिणाम ==
कर्जातून रस्ते, बंदरे, सिंचन व वीज यांत गुंतवणूक झाल्यास उत्पादनक्षमता वाढते आणि वाढीव करउत्पन्नातून परतफेड शक्य होते. भिवंडी तालुक्यातील राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर गोदामे आहेत. तेथील व्यवसाय मुंबईची बाजारपेठ, जवाहरलाल नेहरू बंदर आणि मुंबई–नाशिक महामार्ग यांच्या जोडणीवर उभा आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा, बँकांच्या कर्जाचाही आधार घेऊन बांधलेला समृद्धी महामार्ग याच तालुक्यातील आमणे येथे संपतो. त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. वाहतुकीचा वेळ व खर्च घटल्यास त्याचा लाभ गोदामांबरोबर विदर्भ-मराठवाड्यातील उत्पादकांनाही मिळू शकतो.

== मारक परिणाम ==
* व्याजाचा बोजा वाढल्यास शिक्षण, आरोग्य व भांडवली खर्चासाठी कमी निधी उरतो.
* शासनाने बाजारातून मोठी उचल केल्यास व्याजदर वाढून खाजगी गुंतवणूक आक्रसू शकते.
* महामंडळांच्या कर्जाला दिलेली शासकीय हमी अर्थसंकल्पातील कर्जात दिसत नाही. मात्र प्रकल्पाचे उत्पन्न अपुरे पडल्यास तो भार करदात्यावर येतो.

== शाश्वततेची कसोटी ==
कर्जावरील व्याजदर आणि उत्पन्नवाढीचा दर यांची तुलना महत्त्वाची असते. समजा, कर्ज उत्पन्नाच्या २५ टक्के व व्याजदर ७ टक्के आहे आणि व्याज वगळता तूट नाही. उत्पन्न चालू किमतींनुसार १० टक्क्यांनी वाढल्यास वर्षअखेर हे प्रमाण सुमारे २४.३ टक्क्यांवर उतरते. वाढ ५ टक्केच झाल्यास ते सुमारे २५.५ टक्क्यांवर चढते. म्हणूनच केवळ कर्जाची रक्कम पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

== मर्यादेविषयीचा वाद ==
कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेल्यास वाढ मंदावते, असे मांडले. २०१३ मध्ये त्यांच्या आकडेमोडीतील त्रुटी उघड झाल्या आणि सर्व देशांना लागू पडणारी अशी एकच मर्यादा असते का, याविषयी शंका बळावली. महाराष्ट्रात २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियमाद्वारे तुटीवर नियंत्रण ठेवण्याची तरतूद आहे.