दप्तरात टॅब ठेवण्याआधी

तिसरीतला मुलगा, वय आठ. हातात केसपेपर घेऊन त्याची आई सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागाबाहेर दीड तास बसलेली. आत गेल्यावर तिची तक्रार एका वाक्याची असते. ‘फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. आधी वाटलं, लिहायचा कंटाळा करतोय.’

सहा मीटरवरच्या तक्त्यावर मुलगा वरच्या तीन ओळी वाचतो आणि थांबतो. डोळ्यांत थेंब घालून पुन्हा तपासणी होते. दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोनचा नंबर निघतो. ‘ताई, मोबाइल किती वेळ बघतो?’ हा नेहमीचा प्रश्न आणि त्यावर आईचे ठाम उत्तर, ‘मोबाइल आम्ही देतच नाही डॉक्टर. फक्त शाळेचा टॅब.’

हा ‘शाळेचा टॅब’ शाळेचा नसतो. शाळेने पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप पाठवलेला असतो, की तिसरीपासून प्रत्येकाने स्वतःचे उपकरण आणावे. वडिलांनी तो हप्त्यावर घेतलेला असतो. शाळेत रोज दोन तास त्यावर शिकवले जाते, घरी तासभर गृहपाठ असतो आणि गृहपाठ संपल्यावर त्याच टॅबवर कार्टून लागते. बेरीज केली तर दिवसाचे चार तास भरतात. ‘मोबाइल देत नाही’ हे आईचे म्हणणे मात्र अगदी खरे असते.

अशी कुटुंबे आता नेत्र विभागात नवलाची राहिलेली नाहीत. ‘स्वतःचे उपकरण घेऊन या’ ही पद्धत मूळची कार्यालयांतली. ती तिथून महाविद्यालयांत आणि माध्यमिक शाळांत आली व आता प्राथमिक वर्गांच्या दारात उभी आहे. शाळेला ती सोयीची वाटते, कारण संगणक कक्ष उभारावा लागत नाही आणि दुरुस्तीचा खर्चही पालकांकडे जातो. प्रश्न एवढाच, की सहा ते दहा वर्षांच्या शरीराला ही सोय कितपत परवडते?

वाढता डोळा

जन्माच्या वेळी बाळाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण १७ मिलिमीटर असते. मोठ्या माणसात ती २४ मिलिमीटरच्या आसपास होते. ही वाढ बालपणातच होते आणि ती योग्य ठिकाणी थांबावी लागते. डोळा गरजेपेक्षा एक मिलिमीटर जरी जास्त लांब झाला, तरी अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळा धूसर दिसतो. यालाच लघुदृष्टिदोष म्हणतात.

नंबर लवकर लागणे हीच यातली काळजीची बाब आहे. आठव्या वर्षी नंबर लागला, तर डोळा वाढण्याची वर्षे अजून पुष्कळ शिल्लक असतात. तोच नंबर पंधराव्या वर्षी लागला, तर वाढायला फारसा वाव नसतो. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला, की पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज यांचा धोका वाढतो. चष्म्याने धूसरपणा जातो, पण लांबलेला डोळा आखूड होत नाही.

यात पडद्याचा वाटा किती? प्रामाणिक उत्तर असे, की दोष एकट्या पडद्याचा नाही. आईवडिलांना नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता जास्त असते. जवळून आणि सलग केलेले कुठलेही काम, मग ते पुस्तकाचे का असेना, डोळ्यावर ताण आणते. मात्र पुस्तक आणि पडदा यांत दोन फरक आहेत. मूल पुस्तक साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरते. मोबाइल हळूहळू २० सेंटिमीटरपर्यंत जवळ येतो, कारण अक्षर लहान असते. शिवाय पुस्तकाचा कंटाळा येतो, मूल मान वर करते, खिडकीबाहेर बघते. हलते चित्र तशी उसंत देत नाही. पडदा पाहताना पापण्यांची उघडझापही निम्म्याहून कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि मूल ते सतत चोळत राहते.

मैदानाचे औषध

या दुखण्यावर एक सोपा उपाय आहे आणि त्याला चांगला पुरावाही आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षांचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला, बाकीच्या शाळांत वेळापत्रक तसेच ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्तीचा मैदानी तास मिळालेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष झाला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही, फक्त उजेडात घालवलेली ४० मिनिटे. तैवाननेही २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाचे १२० मिनिटे बाहेर काढण्याची मोहीम हाती घेतली आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले कमी दृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले.

याचे कारण प्रकाशाच्या तीव्रतेत असावे, असे संशोधक मानतात. वर्गखोलीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि डोळ्याच्या लांबण्याला लगाम बसतो. म्हणून टॅबवरचा तास वेळापत्रकात कुठून आणला, हे विचारणे महत्त्वाचे ठरते. तो खेळाच्या तासातून आणला असेल, तर मुलाचे दुहेरी नुकसान होते.

स्वतःच्या उपकरणाची वेगळी अडचण

शाळेच्या मालकीचा संगणक शाळेच्या कपाटात राहतो, तास संपला की तो बंद होतो. मुलाचा स्वतःचा टॅब दप्तरातून घरी येतो. तो जेवणाच्या ताटाशेजारी असतो आणि रात्री उशाशीही. शाळेने दोन तासांचा हिशेब केलेला असतो, उरलेले तास कोणाच्याच हिशेबात नसतात.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन सांगितली आहे. त्यात करमणूक आणि अभ्यास दोन्ही धरले आहेत. शाळेनेच दोन तास वापरले, तर मर्यादा घरी येण्याआधी संपते. करोनाच्या काळात दुसरा मार्गच नव्हता, तेव्हाही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे ठरवली होती.

दुसरी अडचण विषमतेची. एका मुलाकडे दहा इंची टॅब, दुसऱ्याकडे आईचा काच तडकलेला जुना मोबाइल. धडा एकच, पण दुसरे मूल तो सहा इंची पडद्यावर, डोळे बारीक करून आणि मान झुकवून वाचते. ज्याची परिस्थिती बेताची, त्याच्याच डोळ्यांवर आणि मानेवर जास्त भार पडतो.

तिसरी अडचण लक्षाची. कॅनडात विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण घसरलेच, पण ज्यांना शेजाऱ्याचा तो पडदा नुसता दिसत होता त्यांचेही घसरले. विशीतल्या तरुणांची ही गत, तर आठ वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करायची?

हाताने लिहिण्याचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात, वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. अक्षर स्वतः काढलेल्या मुलांत, ते अक्षर पुन्हा पाहताना, वाचनाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले. कळ दाबून अक्षर उमटवलेल्यांत तसे दिसले नाही. वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे असलेली देवनागरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. अक्षर आधी हाताच्या सवयीचे व्हावे लागते, पडद्यावर बोट फिरवून ते होत नाही.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. रात्रीचा प्रखर पडदा झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवायला लावतो. नऊ वाजता टॅबवर गृहपाठ ‘अपलोड’ करणारे मूल दहाला झोपत नाही आणि सकाळच्या शाळेसाठी सहाला उठवले जाते.

जग काय करते आहे?

तंत्रज्ञानात पुढारलेले देशच आता सावध झाले आहेत. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने प्राथमिक आणि त्यापुढील चार इयत्तांच्या शाळांत मोबाइल वापरावर बंदी घातली. स्वीडनने २०२३ मध्ये लहान वर्गांत पुन्हा छापील पुस्तकांवर भर देण्याचे ठरवले. नेदरलँड्सने २०२४ च्या सुरुवातीला माध्यमिक शाळांच्या वर्गांतून मोबाइल बाहेर काढला आणि त्याच वर्षी प्राथमिक शाळांनाही तो नियम लागू केला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाचा सूर असा, की तंत्रज्ञान शिकण्याला खरोखर मदत करत असेल, तेव्हाच ते वर्गात असावे.

बंदीने सगळे सुटते, असेही नाही. ब्रिटनमधील ३० शाळांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत कडक नियम असलेल्या आणि नसलेल्या किशोरांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. फरक दिसला तो दिवसभरातील एकूण वापरानुसार. शाळेतला मोबाइल काढला आणि घरी मोकळा सोडला, तर हाती काही लागत नाही.

उपकरण सरसकट वाईट नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तिथे तंत्रज्ञान पुस्तकाच्या मदतीला आले. कमी दृष्टी असलेल्या मुलाला अक्षर मोठे करून देणारा टॅब ही गरजच असते. मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावरचा ग्लुकोज सेन्सर मोबाइलशी जोडलेला असतो. अशा मुलांना नियमातून सूट हवीच.

पालकांनी काय करावे?

पालकसभेत काही प्रश्न शांतपणे विचारता येतात. दिवसातून नेमकी किती मिनिटे पडदा वापरला जाणार? तो मोठ्या पडद्यावर सर्वांना एकत्र दाखवता येणार नाही का? उपकरणे शाळेतच ठेवता येतील का? गृहपाठ वहीत घेतला जाईल का? मैदानाचा तास शाबूत आहे ना? चार पालकांनी मिळून विचारले, तर कोणा एकाच्या मुलावर रोख राहत नाही.

घरी नियम थोडे असावेत, पण सर्वांना असावेत. पडदा डोळ्यांपासून निदान मुलाच्या कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर असावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट दूर पाहावे. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर पडदा बंद ठेवावा. रोज दीड-दोन तास मोकळ्या उजेडात खेळावे, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. २०२२ मध्ये या उपक्रमाची देशभर चर्चा झाली. भोंगा मुलांसाठी वाजतो, पण आईबापही फोन खाली ठेवतात, म्हणून तो चालतो.

मूल डोळे बारीक करून बघत असेल, टीव्हीजवळ सरकत असेल, वही नाकाशी धरत असेल, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, तर तपासणी लांबवू नये. लहान मूल ‘दिसत नाही’ असे सहसा म्हणत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी डोळे तपासावेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा समज खोटा आहे. नंबर झपाट्याने वाढत असेल, तर तो मंदावणारे थेंब आणि विशेष भिंगे आता उपलब्ध आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावीत.

आठ वर्षांच्या त्या मुलाचा नंबर टॅबनेच लागला, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याच्या वडिलांनाही चष्मा आहे. त्याला चष्मा मिळेल, फळाही दिसेल. पण त्याच्या डोळ्यांच्या वाढीची सात-आठ वर्षे अजून बाकी आहेत. टॅबचे हप्ते त्याच्या खूप आधी संपतील. केसपेपरवर डॉक्टर चष्म्याचा नंबर लिहितात आणि खाली एक ओळ वाढवतात, ‘रोज दोन तास मैदानावर खेळणे.’ आई ती ओळ दोनदा वाचते. मुलगा मात्र लगेच विचारतो, ‘आजपासूनच का?’