आकाशातला दगड : सौद्यापूर्वी पारख

अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, जमवण्याचा छंद जगभर आहे. अस्सल नगाला चांगली किंमतही येते. म्हणूनच पिपरी मेघेतील आमच्या भंगारवाल्या व लोहार बांधवांना सावध करणे आम्हांला जरूर वाटते.

अशनी पडणे ही काही दंतकथा नव्हे. २२ मे २०१२ रोजी शेजारच्या नागपूर जिल्ह्यात काटोल येथे अशनींचा वर्षाव झाला. १६२१ साली जालंधरजवळ पडलेल्या लोखंडापासून बादशहा जहांगीरने उस्ताद दाऊदकडून तलवारी घडवून घेतल्या होत्या. ते लोखंड घणाखाली टिकेना. तेव्हा उस्तादांनी त्याच्या तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळले.

पण प्रत्येक काळा, जड दगड अशनी नसतो. लोहचुंबक चिकटले एवढ्यावर पैसे मोजू नयेत; आपल्याकडचा काळा पाषाणही चुंबकाला थोडा ओढ देतो. अंगावर बुडबुड्यांची छिद्रे असतील तर ती बहुधा भट्टीची मळी. नुकत्याच पडलेल्या अशनीवर जळल्यासारखे पातळ काळे कवच असते. फुटलेल्या जागी बहुधा धातूचे बारीक चमकते कण दिसतात.

खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. देशात पडलेल्या अशनींचे जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते व त्याचे कार्यालय नागपुरात आहे. असा दगड दुकानावर आला तर बयाणा देऊ नका, भट्टीत घालू नका. आधी तेथे दाखवा. गाठीचा पैसा वाचेल आणि दगड खरा निघाला तर विज्ञानाच्या कामी येईल.