जुनी आवृत्ती बसविण्यापूर्वी

मित्रांनो, आपल्या खोलीत बसून दुसऱ्या गावातील संगणक चालविता येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिकडचा पडदा आपल्या पडद्यावर दिसतो. आपण माउस हलविला, की तिकडचा बाण हलतो. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. 'व्हीएनसी' हे त्यांपैकीच एक. ते इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेत तयार झाले.

अशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या निघत असतात. मग जुनी आवृत्ती कोणाला लागते? ज्याचा संगणक जुना आहे, त्याला. विंडोज एक्सपीच्या संगणकावर आजची आवृत्ती बहुधा बसतच नाही.

परंतु जुन्या आवृत्तीबरोबर तिचे दोषही येतात. 'रिअलव्हीएनसी'च्या ४.१.१ या आवृत्तीत २००६ साली एक मोठा दोष सापडला. जोडणीच्या वेळी हे सॉफ्टवेअर समोरच्याला ओळख पटविण्याच्या पद्धतींची यादी देई. यादीत फक्त पासवर्डची पद्धत असली, तरी समोरच्याने 'पासवर्ड नको' असे कळविले, की त्याला प्रवेश मिळे! त्याची निवड यादीत आहे की नाही, हे तपासलेच जात नसे. पहारेकऱ्याने चिठ्ठी मागावी, पाहुण्याने 'मला चिठ्ठी लागत नाही' म्हणावे आणि पहारेकऱ्याने दार उघडावे, तसाच हा प्रकार. ४.१.२ या आवृत्तीत हा दोष दूर झाला. पण आज जो ४.१.१ बसवील, त्याच्या घरी तोच पहारेकरी येईल. आणि त्याची खोड आता जगाला माहीत आहे.

म्हणून जुनी आवृत्ती बसविताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. तुमच्या संगणकावर चालेल अशी सर्वांत अलीकडची आवृत्ती निवडा.

२. ती शक्यतो मूळ कंपनीकडूनच घ्या. अनोळखी ठिकाणच्या फाइलमध्ये व्हायरस असू शकतो.

३. दोन्ही संगणकांवरील आवृत्त्या एकमेकींशी जुळतात ना, ते आधी पाहा. टीमव्ह्यूअरची जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीच्या संगणकाला जोडता येत नाही.

४. पासवर्ड विचारपूर्वक ठेवा. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच पाहिली जातात. पुढची कितीही लिहिली, तरी व्यर्थ.

५. असा संगणक शाळेच्या किंवा घरच्या जाळ्यातच ठेवा. इंटरनेटवरून त्यात येण्याची वाट बंद करा.

काम संपले, की सॉफ्टवेअर बंद करायला विसरू नका. घर जुने असले, तरी रात्री कडी लावावीच लागते.