लोखंडी कपाटावर राउटर ठेवलाय? वाय-फाय का अडखळतं, समजून घ्या

प्लॅन १०० एमबीपीएसचा, राउटरही नवा. तरी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतोच. महागडा प्लॅन किंवा एक्स्टेंडर घेण्याआधी एक गोष्ट तपासा: राउटर ठेवलाय कुठे? अनेक घरांत तो लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजच्या मागे असतो.

नेमकं काय होतं?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. आरशावरून प्रकाश परततो, तशा त्या धातूवरून परततात. त्यामुळे मोबाइलपर्यंत तोच सिग्नल दोन वाटांनी येतो: एक थेट, दुसरा कपाटावर आपटून, किंचित उशिरा. याला 'मल्टिपाथ' म्हणतात. दोन्ही लहरींचे चढ जुळले तर सिग्नल वाढतो. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र आला, तर तो कमजोर होतो.

गच्चीवर अँटेना फिरवत "आलं का?" असं ओरडण्याचे दिवस आठवतात? टीव्हीवर माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. तीही अशाच उशिरा आलेल्या सिग्नलची करामत.

थोडं सरकवून फरक का पडतो?

२.४ गिगाहर्ट्झ वाय-फायच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते. दोन वाटांमध्ये त्याच्या निम्मा, म्हणजे सहा सेंटिमीटरचा फरकही सिग्नल पाडू शकतो. म्हणूनच राउटर वीतभर हलवल्यावर चित्र बदलू शकतं. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची. त्यामुळे सिग्नलला थांबलेली गाडी जराशी पुढे गेली की रेडिओची खरखर कधीकधी थांबते.

नवे राउटर अनेक अँटेना वापरून परतलेल्या लहरींचाही उपयोग करून घेतात. पण खेटून असलेला मोठा पत्रा सिग्नल अडवतो आणि पलीकडे त्याची 'सावली' पडते. तिथे हे तंत्रही तोकडं पडतं.

काय कराल?

• राउटर कपाट, फ्रिज आणि मोठ्या आरशापासून दूर ठेवा. आरशामागेही धातूचा पातळ थर असतो.
• तो घराच्या मध्यभागी, उंचावर, लाकडी फळीवर ठेवा.
• दोन अँटेना असतील तर एक उभी, एक आडवी करून पाहा.
• जागा बदलण्याआधी आणि नंतर, एकाच ठिकाणी उभं राहून दोन-तीनदा स्पीड टेस्ट करा.

आकडा सुधारला, तर नव्या खरेदीचा खर्च वाचला. नाही सुधारला, तर निदान कपाटाचा दोष नाही हे कळेल.