फळ्यावरची आकृती ते चालता कर्नेल

दोन-अडीच दशकांपूर्वी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय मुख्यतः फळ्यावर चाले. आयआयटी मुंबईचे प्रा. डी. एम. ढमढेरे, अच्युत गोडबोले यांची पुस्तके हाताशी असत. प्रात्यक्षिकाला मुले सी भाषेत राउंड रॉबिन नाहीतर बँकर्स अल्गोरिदम लिहीत, जर्नलवर सही घेत आणि तोंडी परीक्षेत डेडलॉकच्या चार अटी घडाघडा म्हणत. खऱ्या सिस्टीमच्या सोर्स कोडला हात लावायची वेळ फारशी कुणावर येत नसे.

कोड वाचून शिकवण्याची वाट मात्र जगात आधीच पडली होती. १९७६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड आणि त्यावरचे भाष्य विद्यार्थ्यांपुढे ठेवले. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवायला मनाई केली, तेव्हा ते पुस्तक झेरॉक्सवरच फिरत राहिले. रीतसर छापले जायला १९९६ उजाडले. तोवर अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी खास शिकवण्यासाठी १९८७ मध्ये मिनिक्स ही सिस्टीम लिहिली होती, आणि मिनिक्स वापरणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केली होती.

१९९९ मध्ये गेरार्ड बीकमन्स यांच्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकाने नवख्यांना अख्खी सिस्टीम हाताने बांधायला लावले. आधी बिनयुटिल्स आणि जीसीसीचा तात्पुरता संच, मग जीलिबसी, आणि त्या साधनांवर खरी सिस्टीम. बिनयुटिल्सच्या पहिल्या बांधणीला आपल्या संगणकावर जेवढा वेळ लागतो, तेच इथले माप. पुढच्या प्रत्येक पॅकेजचा वेळ त्याच मापात सांगितलेला असतो.

पण सूचना पाळून कंपाइल करणे वेगळे आणि आत काय चालले आहे ते कळणे वेगळे. ही उणीव २००६ मध्ये एमआयटीत तयार झालेल्या एक्सव्ही-६ ने भरून काढली. लायन्स यांनी शिकवलेल्या त्याच सहाव्या आवृत्तीची ही नव्या प्रोसेसरसाठी केलेली मांडणी. आयआयटी मुंबईत प्रा. मैथिली वुटुकुरू यांच्या अभ्यासक्रमातली काही प्रात्यक्षिके याच कोडवर होतात, आणि त्यांची व्याख्याने व टिपणे सर्वांसाठी खुली आहेत.

त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही आज साधा लॅपटॉप पुरतो. ‘मेक क्यूइमू’ म्हटले की कोड कंपाइल होतो आणि त्याच खिडकीत, क्यूइमू या एम्युलेटरमध्ये, नवी सिस्टीम सुरू होऊन डॉलरचे चिन्ह उमटते. पहिला धडा बहुधा नवा सिस्टीम कॉल जोडण्याचा: त्याला क्रमांक द्यायचा, कर्नेलच्या तक्त्यात नोंद करायची, फंक्शन लिहायचे आणि ते वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिसेल अशी सोय करायची. चूक झालीच तर पॅनिक होतो तो एम्युलेटरमधला कर्नेल. कंट्रोल-ए, मग एक्स दाबून बाहेर पडायचे, ओळ सुधारायची, पुन्हा ‘मेक’.

बिचकणाऱ्या मुलांसाठी ही निर्धास्तपणाची सोय फार मोलाची आहे. म्हणूनच आधी एक्सव्ही-६, मग ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ आणि त्यानंतर कोट्यवधी ओळींचा लिनक्स कर्नेल, हा क्रम नवख्यांना झेपतो. जर्नलमधल्या बँकर्स अल्गोरिदमशेजारी या पहिल्या सिस्टीम कॉललाही एक पान मिळायला हवे.