सोय नव्हे, हक्क

‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही,’ असं सांगून मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यात येतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. रॅम्प, ब्रेल पुस्तकं, परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ ही मेहेरबानी नव्हे. ज्याचा हात सावकाश चालतो, त्याला तासामागे २० मिनिटं जास्त मिळाली, तरच येत असलेलं उत्तर कागदावर उतरतं. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.