३६ स्ट्राइक आणि तेलाचा पंचनामा

१ जुलै १९८२. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा ३०० बोलमध्ये लीगचा खेळ रंगला होता. ग्लेन अ‍ॅलिसन या मुरलेल्या खेळाडूने त्या रात्री सलग ३६ स्ट्राइक मारले. तीन गेम, प्रत्येकी ३००, एकूण ९००. बोलिंगमध्ये याच्यावर गुणच नाहीत. पण खेळाची नियामक संस्था असलेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने लेन तपासल्या आणि निकाल दिला की लेनवरचं तेल नियमात बसत नाही, सबब हे ९०० ग्राह्य नाहीत. अ‍ॅलिसनने दाद मागितली, उपयोग झाला नाही. मान्यता मिळालेले पहिले ९०० पुढे २ फेब्रुवारी १९९७ ला नेब्रास्कात जेरेमी सोनेनफेल्डच्या नावावर लागले.

तेलावरून एवढं रामायण का? फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब आणि ३९ पट्ट्या रुंद. त्यातल्या पहिल्या साधारण ४० फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर देतात, पुढचा भाग कोरडा ठेवतात. बॉल तेलावर नुसता घसरतो, कोरड्यावर आला की पकड घेतो आणि वळतो. आता गंमत बघा. मधल्या पट्ट्यांवर तेल भरपूर आणि कडेला जेमतेम ठेवलं, तर बाहेर भरकटलेला बॉल कोरड्यावर वळून परत येतो आणि आत सुटलेला तेलावरून सरळ जातो. दोन्ही चुका पोटात! रोजच्या गिऱ्हाइकासाठी सेंटरवाले असंच तेल घालतात, कारण गुण मिळाले की माणूस पुन्हा येतो. स्पर्धेतलं तेल आडव्या रुंदीत बरंच सपाट असतं; तिथे चुकीला माफी नाही.

तेल आपल्या हातात नसेल तर काय करायचं, याचं उत्तर डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने १९७३ मध्ये शोधलं. त्या काळचे प्लास्टिकचे बॉल टणक, लेनवर पकडच घ्यायचे नाहीत. याने बॉल चक्क रासायनिक द्रावणात भिजत घातला. वरचं कवच मऊ पडलं, बॉल सणसणीत वळू लागला. त्या मोसमात सहा विजेतेपदं आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान! नियमच नव्हता, त्यामुळे लबाडी म्हणायचीही सोय नव्हती. बाकीच्यांनीही आपापले बॉल भिजवायला घेतल्यावर मात्र टणकपणाची किमान मर्यादा आली आणि बॉल मापयंत्राखाली जाऊ लागले.

मॅक्यूनने द्रावणात जे साधलं, ते पुढे कारखान्यातूनच मिळू लागलं. ऐंशीच्या दशकात युरेथेन आलं आणि नव्वदच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. रेझिनचा बॉल तेल पितो. परत आलेला बॉल हातात घेऊन खेळाडू आधी त्यावरच्या तेलाच्या रेघा बघतो. आतला गाभा असमान असल्याने फिरताना बॉलचा अक्ष सरकतो, म्हणून रेघा एकावर एक न पडता पंख्यासारख्या उलगडतात. म्हणजे दर फेरीला कोरडं कवच लेनला लागतं आणि पकड वाढते.

पण बॉल तेल पितो म्हणजे लेनवरचं तेल कमी होतं. पहिल्या गेमला जी पट्टी हमखास स्ट्राइक देत होती, तीच तिसऱ्या गेमला दगा देते. मग उभं राहायची जागा पट्टी-पट्टीने सरकवायची. सुरुवातीला आडाखा सोपा असतो: तेल जितके फूट, त्यातून ३१ वजा करा. ४१ फूट तेल असेल तर कडेपासून दहाव्या पट्टीच्या आसपास बॉल वळायला हवा. व्यावसायिक स्पर्धांत तेलाच्या आखण्यांना जनावरांची नावं आहेत. चीता म्हणजे आखूड तेल, गटाराच्या कडेने खेळा. शार्क म्हणजे लांब तेल, आतून खेळा.

बॉलचं कवच किती खरखरीत ठेवायचं, हेही खेळ सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. जास्त तेलाला घासलेला, कोरड्याला पॉलिश केलेला. सामन्यात घासायला बंदी. पुढे अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त स्पर्धांत द्रव क्लीनरही बंद झाला, उरला कोरडा टॉवेल.

एवढ्या महागड्या बॉलच्या पेटाऱ्यात बहुतेक खेळाडूंकडे एक साधा प्लास्टिकचा बॉलही असतो, मॉलमध्ये भाड्याने मिळतो त्याच जातीचा. कोपऱ्यातली एकटी पिन उरली की तोच बाहेर निघतो, कारण तेल असो वा नसो, तो मुकाट्याने सरळ जातो.